पर्णप्रथिनाचा साका काळा पडतो, कोंबड्या तोंड लावत नाहीत: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. अळसांद्याच्या (चवळीच्या) किंवा शेवग्याच्या पाल्याचा रस काढला, तापवला, साका वाळवला आणि खाद्यात मिसळला. पहिले दोन घाणे उत्तम निघाले. तिसऱ्या घाण्याला मात्र साका काळपट, वास जळका, आणि कोंबड्या मक्याचे कण तेवढे वेचून हिरवी भुकटी तळाशी ठेवू लागल्या. आठवड्याभरात अंडी घटली. मग पाला बदलून बघितला जातो, बियाणं बदललं जातं, शेवटी कोंबड्यांवरच खापर फुटतं. दोष दिसतो खाद्याच्या भांड्यात, पण तो घडतो कोयता लागल्यापासून रसाला आच लागेपर्यंतच्या दोन-तीन तासांत, नाहीतर वाळवणाच्या ताटात. त्या दोन जागा सोडून बाकी सगळं तपासत बसलं की महिना जातो आणि दोष तिथेच राहतो.

शब्द आधी ठरवून घेऊ. कुटलेला पाला म्हणजे लगदा. पिळून निघतो तो रस, मागे राहतो तो चोथा. रस तापवल्यावर छेन्यासारखं गोठून वर येतं तो साका. त्याखालचं तपकिरी पाणी म्हणजे निवळी. प्रथिन साक्यात असतं. साखर, पोटॅश आणि बरीचशी कडू द्रव्यं निवळीत जातात. चोथा गुरांना चालतो.

आधी आकडे जुळतात का बघा

फुलावर येण्याआधी, 35 ते 45 दिवसांत कापलेल्या अळसांद्याच्या 100 किलो हिरव्या पाल्यातून बऱ्या दाबयंत्रावर 45 ते 50 लिटर रस मिळतो आणि त्यातून पावणेदोन ते दोन किलो कोरडा साका. कोरड्या साक्यात प्रथिन साधारण 50 ते 55 टक्के. प्रयोगशाळेने पाल्यात 20 टक्के प्रथिन दाखवलं म्हणून तेवढं हाती येईल असं धरू नका. तो आकडा कोरड्या वजनावरचा असतो, शिवाय एकूण नत्राला 6.25 ने गुणून काढलेला असतो. युरिया जास्त पडलेल्या पिकात त्या नत्राचा मोठा भाग प्रथिन नसतोच. तो सरळ निवळीत वाहून जातो.

100 किलोला एक किलोच्याही खाली साका येत असेल, तर तीन जागा बघा. पीक जून झालं आहे का? शेंगा धरलेल्या वेलीत प्रथिन दाण्याकडे गेलेलं असतं आणि देठ लाकडी होतात. लगदा नीट झाला आहे का? उसाच्या चरकातून पाला नुसता चेपला जातो, पेशी फाटत नाहीत. कडबाकुट्टीतून बारीक केलेला पाला हातोडी गिरणीत किंवा ओल्या ग्राइंडरमध्ये अक्षरशः चिखल होईपर्यंत फिरवावा लागतो. चिमूटभर लगदा बोटांत चोळला आणि पानाचे अखंड तुकडे दिसले, तर कुटणं अपुरं आहे. तिसरी गोष्ट म्हणजे पाला कोरडा पडलेला असेल, तर कुटताना किलोला अर्धा लिटर पाणी घाला. त्याहून जास्त घातलं की तापवायचं सरपण वाया जातं.

पाल्याची निवड इथेच उरकून टाकू. पुस्तकांत सगळीकडे लसूणघास आहे, पण तिला साडेसहा-सात सामूची (pH) जमीन लागते. गोव्याच्या आंबट जांभ्या मातीत आणि इथल्या पावसात ती टिकत नाही. वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या) शेतात भातानंतरच्या ओलीवर घेतला जाणारा अळसांदा आणि भाटात (माडांच्या बागेत) वाढणारा शेवगा हे दोन सर्वांत भरवशाचे. संकरित नेपियरमधून रस कमी आणि चोथा जास्त. तो गाईलाच द्या. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. शेवरी आणि हादग्याचा पाला पिलांना बाधतो. ग्लिरिसिडिया कोंबड्यांसाठी नकोच. भेंडीच्या जातीची चिकट पानं रसच सोडत नाहीत. आंबा, फणस, काजू यांच्या पानांतलं टॅनिन प्रथिनाला धरून चोथ्यातच ठेवतं, म्हणून तिथे कष्ट फुकट जातात.

साका काळा का पडतो

काळा आणि हिरवट-तपकिरी यांतला फरक आधी ओळखा. रस किंचित आंबट असल्यामुळे तापवल्यावर पानातलं हरितद्रव्य शेवाळी-तपकिरी होतं. तो रंग दोषाचा नाही. साका हिरवागार दिसावा म्हणून सोडा घालायची काही गरज नाही. शाईसारखा किंवा कोळशासारखा काळा रंग मात्र काहीतरी बिनसल्याचं सांगतो, आणि त्याची कारणं चार आहेत.

पहिलं कारण ढीग. कापलेला पाला ढिगात घातला की तो श्वास घेत राहतो आणि तापतो. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात ढिगाचं पोट तासा-दीड तासात हाताला गरम लागतं. तेव्हापासून पानातली विकरं प्रथिनाचे तुकडे करू लागतात. असं तुटलेलं प्रथिन आचेवर गोठत नाही, निवळीत निघून जातं. सोबत पानातली फिनॉल द्रव्यं हवेने काळी पडतात आणि उरलेल्या प्रथिनाला चिकटतात. अशा प्रथिनातलं मेथिओनिन आणि लायसिन (प्रथिनाचे आवश्यक घटक) कोंबडीला पचत नाही, म्हणजे वजनाला साका भरतो पण अंड्याला लागत नाही. उपाय सरळ आहे: पहाटे कापा, पाला सावलीत पसरून ठेवा, दोन तासांत कुटा. हात घालून ढीग कोमट लागला, तर त्या दिवशीचा पाला गुरांना टाका.

दुसरं कारण लोखंड, आणि गोव्यात याकडे हमखास दुर्लक्ष होतं. जांभ्या पट्ट्यातल्या, विशेषतः डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या बाजूंच्या पुष्कळ विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात लोह असतं. हे पाणी लगद्यात गेलं की लोह आणि फिनॉल मिळून शाईच तयार होते. गंजलेल्या गिरणीने किंवा लोखंडी काहिलीनेही तेच होतं. परीक्षा सोपी आहे: एक पेला ताजा रस स्टीलच्या भांड्यात नळाच्या पाण्याने करा, दुसरा रोजच्या पाण्याने आणि रोजच्या भांड्यात. अर्ध्या तासात रंगात फरक पडला, तर पाणी किंवा भांडं बदला. बोअरचं पाणी रात्रभर उघड्या टाकीत ठेवलं की तांबूस गाळ खाली बसतो. वरचं पाणी वापरा. घरातलं जुनं तांब्याचं भाणही रस तापवायला काढू नका. तांब्यामुळे काळेपणा कमी येईल, पण साक्यातली स्निग्ध द्रव्यं पटकन खवट होतील, आणि हा दोष दोन आठवड्यांनी उघडा पडतो.

तिसरं कारण चिखल. पावसात तांबडी माती उडून खालच्या पानांवर बसते. जमिनीपासून वीतभर उंचीवर कापा आणि पाला एकदा धुऊन निथळवा. साका दातांखाली करकरला, तर हेच कारण.

चौथं कारण वाळवताना करपणं. त्याचं पुढे.

साका चिकट होतो, फडक्यातून गळत नाही

सगळ्यांत जास्त बिघाड इथे होतो, कारण घरातली सवय आड येते. दूध तापवतात तसा रस मंद आचेवर ठेवला जातो. रस 45 ते 60 अंशांत बराच वेळ रेंगाळला की दोन गोष्टी होतात. विकरं त्या उबेत उलट जोरात काम करतात. त्यांतलं एक हरितद्रव्य फोडतं आणि त्यातून फिओफोर्बाइड नावाचं, जनावराची कातडी उन्हाला हळवी करणारं द्रव्य तयार होतं. आणि साका इतक्या बारीक कणांत गोठतो की फडक्याची भोकं बुजतात. मग लोक फडकं बदलतात, भार वाढवतात, आणि साका फडक्यातून बाहेर येतो.

पर्णप्रथिनाचं काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातल्या रॉथम्स्टेड संशोधन केंद्रात एन. डब्ल्यू. पिरी यांनी सुरू केलं आणि पुढे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातही त्यावर बरंच संशोधन झालं. रस झटक्यात तापवायचा, हा त्या कामातला सर्वांत उपयोगी धडा. कारखान्यात त्यासाठी वाफ सोडतात. घरी असं करा: स्टीलच्या पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळ उकळवा. त्यात रस बोटाएवढ्या धारेने ओतत राहा, उकळी मोडू देऊ नका. थर्मामीटर 80 च्या खाली उतरला की धार थांबवा, पुन्हा चढला की सुरू करा. सगळा रस आत गेल्यावर 85 ते 90 अंशांवर दोन मिनिटं ठेवून उतरवा. असा साका मोठ्या गाठींनी वर येतो आणि माद्रपाटाच्या फडक्यातून पाच मिनिटांत निथळतो. पुढच्या घाण्याला पाण्याऐवजी आधीची गरम निवळी वापरली तर सरपण वाचतं, पण त्याच दिवशीची असेल तरच, आणि दोनापेक्षा जास्त वेळा नको.

थर्मामीटर नसेल तर हे काम करू नका, इतकी ती वस्तू आवश्यक आहे. स्वयंपाकातला 100 अंशांपर्यंतचा चालतो.

पुरेसं तापलं की नाही हे निवळीच सांगते. ती कोऱ्या चहासारखी तपकिरी आणि आरपार दिसणारी हवी. हिरवट आणि गढूळ असेल तर वाटीभर निवळी वेगळी उकळा. पुन्हा साका धरला तर ताप कमी पडला होता. काहीच धरलं नाही आणि तरी गढूळ राहिली, तर गोठणारं प्रथिन ढिगातच संपलेलं होतं. त्या दिवशी कोयता आणि ग्राइंडर यांत किती वेळ गेला ते मोजा.

रसाला फेस फार येत असेल तर रस उंचावरून ओतू नका, आणि खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब टाका. रस काढून अर्ध्या तासाच्या आत तापवायला घ्या.

कडवटपणा आणि पातळ विष्ठा

कोंबड्यांनी खाद्य सोडलं तर आधी साका चाखून बघा. गवताची चव असणारच. घसा धरणारी कडू चव असेल तर निवळी पुरती पिळलेली नाही. साका फडक्यात बांधून, वर पाटा किंवा दगड ठेवून, हातात घेतला की भुसभुशीत फुटेल इतका दाबा. तेव्हा त्यात साधारण 60 टक्के ओल उरते. सुबाभळीचा किंवा शेवरीचा पाला नाइलाजाने वापरलाच असेल, तर दाबलेला साका तेवढ्याच पाण्यात मोडून, पाण्यात माडाचं व्हिनेगर घालून सामू 4 पर्यंत आणून (सामूची कागदी पट्टी औषधाच्या दुकानातून आणा) दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा पिळा. मिमोसिन पाण्यात विरघळणारं आहे, त्यामुळे धुण्याने त्याचा बराच भाग जातो. तरी असा साका पिलांना देऊ नये, आणि अंड्यावरच्या कोंबड्यांनाही खाद्याच्या 2 टक्क्यांवर नको.

न पिळलेल्या साक्याची दुसरी खूण म्हणजे ओली विष्ठा. निवळीतलं पोटॅश कोंबडीला जास्त पाणी प्यायला लावतं, गादीतलं भाताचं तूस भिजतं, शेडमध्ये अमोनियाचा वास भरतो. जुलैत अशा ओल्या गादीवर कॉक्सिडिया हा आतड्यांचा परजीवी फोफावतो. विष्ठेत रक्त दिसलं किंवा कोंबड्या पंख टाकून बसल्या, तर साक्याचा विचार सोडा आणि विष्ठेचा नमुना त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

पावसाळ्यातलं वाळवण

गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उन्हात साका वाळत नाही, हे मान्य करूनच बेत आखायला हवा. ओला साका एका रात्रीत बुरशी धरतो. घाईने चुलीवर किंवा बेकरीच्या उतरत्या भट्टीत ठेवला, तर बाहेरून कडक कवच येतं, आत ओल राहते, आणि 80 अंशांच्या वर लायसिन साखरेशी जुळून कायमचं अडकतं. असे काळे, रव्यासारखे कडक कण कोंबडीच्या गिझार्डमधूनही जसेच्या तसे बाहेर येतात. विष्ठा पाण्यात कालवून बघा, कण दिसतात.

उन्हाळ्यातही थेट ऊन नको. पिवळ्या बलकाचा रंग देणारी झँथोफिल द्रव्यं उन्हाने उडतात. दाबलेला साका शेवेच्या साच्यातून पाडा, अर्ध्या सेंटिमीटरच्या थरात जाळीवर पसरा, 50 ते 60 अंशांच्या गरम हवेत, काळ्या कापडाने झाकलेल्या सौर वाळवणीत किंवा पंखा लावलेल्या कपाटात वाळवा. साठवायचा असेल तर ओल 10 टक्क्यांच्या खाली हवी. मोजायची रीत अशी: 100 ग्रॅम वाळलेला साका मंद ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. 90 ग्रॅमच्या वर उरला तर ठीक. डबा घट्ट, अंधारात ठेवा, आणि महिन्याच्या आत संपवा. यात दहा टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो, तो जुन्या तेलासारखा खवट होतो.

पावसाळ्यासाठी मात्र न वाळवण्याचा मार्ग जास्त शहाणपणाचा. 100 अंड्यावरच्या कोंबड्या रोज सुमारे 11 किलो खाद्य खातात. त्यात 5 टक्के कोरडा साका म्हणजे 550 ग्रॅम, म्हणजेच 60 टक्के ओलीचा दाबलेला साका साधारण 1.4 किलो. तो सकाळी साडेदहा किलो कोरड्या भरड्यात हाताने चोळून मिसळला, तर एकूण ओल 17 टक्क्यांच्या आसपास राहते. खाद्य ओलसर लागतं, पण गोळे होत नाहीत. ते सूर्यास्तापर्यंत संपलं पाहिजे. उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या खाद्यात घालायचं नाही, आणि भांडी रोज घासायची. भारतीय मानक आयएस 1374 कोंबडीखाद्याला 11 टक्क्यांपर्यंतच ओल देतं; ती मर्यादा पोत्यात राहणाऱ्या खाद्यासाठी आहे, म्हणून 17 टक्के ओलीचं खाद्य चुकूनही पोत्यात भरू नका.

एवढ्या साक्याला रोज सुमारे 28 किलो पाला लागतो. अडीच किलो प्रति चौरस मीटर धरलं तर आलटून-पालटून पेरलेला 500 चौरस मीटर अळसांदा पुरतो. वायंगणाचं शेत पावसात भाताखाली असतं, तेव्हा शेवग्याच्या दाट लावलेल्या ओळी कामाला येतात. त्या दर 40-45 दिवसांनी मीटरभर उंचीवर छाटायच्या.

साका चांगला, तरी अंडी घटली

मग प्रश्न मिश्रणाचा आहे. एकदम 5 टक्के घालू नका. पहिले चार-पाच दिवस 1 टक्का, मग 2, आणि दोन आठवड्यांत 5. सोयापेंडीची जागा साक्याला द्यायची तर वजनाला वजन बदला, फायद्याच्या मोहाने जास्त पेंड काढू नका. पर्णप्रथिनात लायसिन चांगलं असतं, पण मेथिओनिनची बाजू लंगडी. तेव्हा डीएल-मेथिओनिन आधी जितकं घालत होता तितकंच चालू ठेवा. शिंपल्यांचा चुरा कमी झाला नाही ना, हेही बघा. नवीन मिश्रण करताना त्याचंच माप हमखास चुकतं आणि पातळ कवचाचा दोष साक्यावर येतो.

चवीचा दोष आहे की मापाचा, हे ठरवायला दोन भांडी पुरतात. दहा कोंबड्या वेगळ्या करा, एका भांड्यात साक्याचं आणि दुसऱ्यात बिनसाक्याचं खाद्य सारख्या वजनाने ठेवा, दुपारी जागा बदला, संध्याकाळी उरलेलं वजन करा. असं तीन दिवस. साक्याचं भांडं निम्म्याहून कमी खाल्लं गेलं तर चव बिघडली आहे, मागच्या टप्प्यांकडे वळा. दोन्ही सारखी खाल्ली गेली तर चवीला नाव ठेवू नका, मिश्रण पुन्हा मांडा.

निव्वळ बलकाच्या रंगासाठी साका वापरायचा असेल तर 5 टक्क्यांची गरजच नाही, दीड-दोन टक्के पुरतात. बेबिंका (अंड्यांच्या बलकाची गोड पदार्थ) करणाऱ्या घरांना गडद बलक हवा असतो, आणि तो रंग खाद्य बदलल्यापासून आठ-दहा दिवसांत दिसू लागतो. पंधरा दिवस झाले तरी बलक फिकाच राहिला, तर तीन शक्यता: साका उन्हात वाळवलेला आहे, महिन्याहून जुना आहे, किंवा कोंबड्यांच्या आतड्यांना कॉक्सिडियाने किंवा बुरशीच्या मक्याने इजा झाली आहे. तिसऱ्या शक्यतेत साका वाढवून काही होत नाही. मक्याचं पोतं उघडून तळाचा दाणा हुंगा.

चोथा त्याच दिवशी गाईम्हशींना घाला, दुपारनंतर तो आंबतो. निवळी आठ-दहा पट पाण्यात मिसळून माडांच्या आळ्यांत, रोज वेगळ्या माडाला. ओहोळात किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) मानशीकडे, म्हणजे पाण्याच्या दाराकडे, सोडली तर पाण्यातला प्राणवायू संपून मासळी मरते, म्हणून एक बादलीसुद्धा तिकडे जाऊ देऊ नका.